रक्त क्रमांक ४१ माझे नसल्याबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
जुनाट श्वसनविकार रक्ततपासणी प्रकल्प,
जिल्हा कक्ष, यवतमाळ.

अर्जदार : नीळकंठ माधव पत्तरकिने, वय ६७, सेवानिवृत्त अव्वल कारकून, रा. पांढरकवडा, ता. केळापूर, जि. यवतमाळ.

विषय : नमुना क्रमांक ४१ मधील रक्त अर्जदाराचे नसून श्री. नानाजी लटारी आस्वले यांचे असल्याने त्यांच्या छातीचा स्कॅन तातडीने करण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या प्रकल्पाचे पांढरकवडा येथील शिबिर, दि. ९ डिसेंबर २०२४.
२) आपले पत्र, दि. २७ जानेवारी २०२५.
३) माझा अर्ज, दि. १७ फेब्रुवारी, व आपले उत्तर, दि. १३ मार्च.
४) माझा दुसरा अर्ज, दि. २० मार्च, व आपले उत्तर, दि. ७ एप्रिल.
५) रोज सकाळी ऐकतो तो नानाजींचा खोकला. जावक क्रमांक नाही.

महोदय,

सविनय सादर करण्याची माझी जुनी सवय आहे. परंतु आज विनय आणि घाई यांत घाई पुढे आहे, हे आधीच नमूद करतो.

१. मी महसूल खात्यात तेहतीस वर्षे नोकरी केली. एवढ्या काळात माझ्या हातच्या कोणत्याही नोंदवहीत एकही खाडाखोड नाही. हे वाक्य मी आजवर चारचौघांत अभिमानाने सांगत आलो. या अर्जात ते कबुलीजबाब म्हणून वाचावे.

२. अभिलेख कक्षातील धूळ आणि स्वतःची सिगारेट यांच्या संयुक्त विद्यमाने माझी फुप्फुसे नऊ वर्षांपूर्वी कायमची आजारी पडली. माझे शेजारी नानाजी आस्वले, वय ६४, यांची कापूस-तुरीची घरची शेती आहे. तरुणपणी मात्र वेचणी भावाच्या हवाली करून त्यांनी बावीस हिवाळे जिनिंगमध्ये सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यावर काढले. रुईची कणी आणि विडी यांनी त्यांच्या छातीचे तेच केले. आम्ही दोघे रोज सकाळी बस स्थानकाच्या दिशेने फिरायला जातो. अंतर विजेच्या खांबांत मोजतो, कारण दम खाण्यासाठी खांब बरा पडतो. डिसेंबरात मी सातव्या खांबाला थांबत असे, नानाजी सहाव्याला. आज मी सातव्यालाच थांबतो. नानाजी दुसऱ्याला थांबतात आणि म्हणतात, "तुमी व्हा पुढं बाबूजी, मी हे मोटारसायकली पाह्यतो जरा." त्या रस्त्यावर पाहण्याजोगी एकही मोटारसायकल नाही.

३. आता शिबिराविषयी. ज्यांना वर्षानुवर्षे दम्यासारखा विकार आहे अशांना फुप्फुसाचा कर्करोग होण्याची भीती इतरांपेक्षा जास्त असते, आणि खोकला तर त्यांना आधीपासूनच असल्यामुळे तो रोग लपून राहतो. रक्तातील चार प्रथिने मोजून तो आधी ओळखता येतो काय, हे पाहणे हा आपल्या प्रकल्पाचा हेतू. ज्यांची प्रथिने वाढलेली निघतील त्यांचा सीटी स्कॅन मोफत. हे सर्व मला आपल्या डॉ. भैरवी मॅडम यांनी समजावले आणि माझे अक्षर पाहून शिबिराची नोंदवही माझ्याकडे दिली. येथपर्यंत कोणाचीही चूक नाही.

४. चूक अशी. कागद आधी तयार असावा, माणसे नंतर येतात, हे माझ्या नोकरीचे सूत्र. त्यानुसार साठही जणांची नावे मी आदल्या दिवशीच आडनावांच्या अक्षरानुक्रमे लिहून ठेवली. आस्वले क्रमांक २, पत्तरकिने क्रमांक ४१. नळ्यांवर त्याच क्रमांकांच्या चिठ्ठ्या लावल्या. सकाळी क्रमांक २ चा पुकारा झाला तेव्हा नानाजी शेतात होते. कापूस फुटलेला आणि बाया सांगितलेल्या, शिबिरासाठी वेचणी थांबत नाही. सिस्टर म्हणाल्या, ही जागा रिकामी ठेवू. परंतु पेटीतल्या साठ खोबणींपैकी दुसरीच रिकामी, हे मला पाहवेना. ओळ मोडू नये म्हणून मी टेबलावरून उठलो, बाही वर केली आणि क्रमांक २ च्या नळीत स्वतःचे रक्त दिले. नानाजी दुपारी आले, तेव्हा ४१ ची नळी शिल्लक होती. मी त्यांना तिच्यापुढे बसवले. वहीत दोन्ही नावांपुढे 'हजर' लिहिले. दोघेही हजर होतेच.

५. नावे संध्याकाळी दुरुस्त करायची असे मी ठरवले होते. दोन रेघा, दोन सह्या, संपले असते. परंतु साडेतीनला डॉ. भैरवी मॅडम यांनी वही हातात घेतली आणि सर्वांसमोर म्हणाल्या, "इतकी स्वच्छ नोंदवही मी सहा तालुक्यांत पाहिली नाही. एक रेघ नाही हो कुठे!" साठ माणसांनी माझ्याकडे पाहिले. माझी पत्नी सौ. रजनी तेथे होती, तिनेही पाहिले. निवृत्तीनंतर नऊ वर्षांनी कोणी माझ्या वहीला चांगले म्हटले होते. पेन माझ्या खिशात होता आणि तो मी खिशातच ठेवला. चार वाजता गाडी वही व नळ्या घेऊन गेली. माझ्या कौतुकाची हौस एका माणसाच्या जिवावर बेतली आहे, हे मला आज दिसते, तेव्हा दिसले नाही.

६. दि. २७ जानेवारीला दोन पाकिटे आली. माझ्या पत्रात लिहिले होते की क्रमांक ४१ मध्ये चारपैकी तीन प्रथिने मर्यादेच्या वर आहेत, सबब स्कॅनसाठी यवतमाळला यावे. त्याखाली रक्तगट दिला होता, बी पॉझिटिव्ह. माझा रक्तगट ओ पॉझिटिव्ह आहे. मी अकरा वेळा रक्तदान केले आहे आणि सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर तो लाल शाईने लिहिलेला आहे. तीच ओळ मी पुन्हा पुन्हा वाचत बसलो. सौ. रजनीला वाटले मी कर्करोगाला घाबरलो. मी दुसऱ्याच गोष्टीला घाबरलो होतो.

७. नानाजींच्या पाकिटात 'सर्व मूल्ये मर्यादेत' असे होते. त्यांच्या पत्नी तानाबाई यांनी गल्लीत शिरा वाटला. नानाजींनी तो कागद प्लॅस्टिकमध्ये मढवून आणला आणि देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला अडकवला. मलाही वाटीभर शिरा आला, बदाम घातलेला. तो मी खाल्ला, हेही नमूद करतो.

८. मी स्कॅनला गेलो. दि. ६ फेब्रुवारी रोजी माझी छाती स्वच्छ निघाली, म्हणजे जुनाट विकार तेवढा आहे, गाठ नाही. डॉ. भैरवी मॅडम आनंदाने म्हणाल्या की, जुनाट विकारात फुप्फुस कायम सुजलेले असते, त्यामुळे कधी कधी ही प्रथिने उगाच वाढलेली दिसतात. रक्त म्हणजे निकाल नव्हे, ती नुसती हाक आहे, स्कॅनने तिला ओ द्यायची असते. महोदय, हाक आली आणि ओ मी दिली, पण हाक मला नव्हतीच. ज्याला होती तो त्या दिवशी तूर कापत होता. मी हे मॅडमना तेथेच सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, चेहरा गंभीर केला आणि लेखी द्या म्हणाल्या. त्यानंतर त्यांची बदली झाली. लेखी मी देतच आहे.

९. माझ्या पहिल्या अर्जावर आपल्या कार्यालयाने कळवले की, 'संगणकीय नोंदीनुसार नमुना क्रमांक ४१ हा आपलाच असल्याचे दिसून येते. स्कॅन निर्दोष असल्याने सदर नमुना खोटा इशारा या सदरी वर्ग करण्यात आला आहे. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.' या मसुद्यात मला एकही व्याकरणदोष आढळला नाही. असे मसुदे मी स्वतः हजारोंनी केले आहेत आणि ते वाचणाऱ्याला कसे वाटते, हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळले.

१०. दुसऱ्या अर्जासोबत मी रक्तगटाचा ताजा अहवाल जोडला. त्यावर उत्तर आले की, दोन अहवालांत तफावत असल्यास प्रकल्पाचा अहवाल ग्राह्य धरला जाईल, तसेच क्रमांक ४१ चे रक्त आपले नसल्याबाबत सक्षम प्राधिकाऱ्याचे प्रमाणपत्र सादर करावे. मी सक्षम प्राधिकारी शोधण्यास निघालो. एका कार्यालयात म्हणाले रहिवासाचा दाखला देऊ, रक्ताचा देत नाही. दुसऱ्याने शपथपत्राकडे बोट दाखवले. नोटरी सज्जन होते. सही तुमची आहे एवढे मी सांगू शकतो, रक्ताच्या भानगडीत मला घालू नका, असे म्हणून त्यांनी मला चहा पाजला. आता माझ्या आरोग्यपत्रावर बी पॉझिटिव्ह छापून आले आहे. उद्या मला अपघात झाला आणि कोणी तो कागद खरा मानला तर त्या रक्ताने मी मरेन. पण तो माझा प्रश्न आहे. या अर्जात मी तो मांडत नाही.

११. नानाजींना दुसरीकडे का नेत नाही, असे आपण विचाराल. मार्चमध्ये मी त्यांना सरकारी दवाखान्यात नेले. त्यांनी मढवलेला कागद पिशवीतून काढला. तेथील तरुण डॉक्टरांनी तो पाहिला, विकार जुनाच आहे म्हणाले आणि श्वासाचा पंप बदलून दिला. खाजगी स्कॅन करू, असे मी सुचवले. नानाजी हसले. म्हणाले, "नॉर्मल मानसाले कायले मशीनीत घालता जी? कागदावर लिवलं हाय न." कागदावर लिहिलेले खरे असते, हे त्यांना वीस वर्षे मीच शिकवले. सातबारा असो की पीक विमा, प्रत्येक वेळी मी म्हणत असे, नानाजी, तोंडाचे सोडा, कागद दाखवा.

१२. त्यांच्या पट्ट्याला दोन नवी भोके पडली आहेत, खिळा तापवून पाडलेली. आवाज बसला आहे, तो थंड पाण्याने बसला असे ते सांगतात. कदाचित क्रमांक ४१ खरोखरच खोटा इशारा असेल. तसे असेल तर मी बस स्थानकापर्यंत न थांबता नाचत जाईन, खांब मोजणार नाही. परंतु ते पाहण्याचा मार्ग एकच आहे, आणि तो आपल्या कार्यालयातील एका रकान्यामुळे बंद आहे.

१३. आपल्या प्रकल्पाचेही यात नुकसान आहे. ४१ क्रमांकाच्या रक्तापुढे माझी स्वच्छ छाती लिहिली गेली. उद्या कोणी हुशार माणूस हा तक्ता वाचेल आणि म्हणेल, जुनाट विकाराच्या लोकांत ही चाचणी उगाच ओरडते, हिच्यावर भरवसा ठेवू नये. त्या निष्कर्षात माझी एक न मारलेली रेघ असेल. एका माणसापुरती चूक होती, ती न जाणो कितीजणांची होईल.

१४. सबब विनंती की :
(अ) नानाजी लटारी आस्वले यांचा छातीचा स्कॅन विनाविलंब करावा.
(ब) शंका असल्यास आम्हा दोघांचे रक्त आपल्यासमोर पुन्हा घ्यावे. 'एक व्यक्ती, एक नमुना' हा नियम मी वाचला आहे. नानाजींचा तो एक नमुना माझ्या नावे गेला, त्यांचा अजून घ्यायचाच आहे.
(क) क्रमांक ४१ 'खोटा इशारा' या सदरातून काढावा.
(ड) नोंदवही चुकवल्याबद्दल माझ्यावर जी कारवाई करायची ती करावी. मी खुलासा देणार नाही, मुदतवाढही मागणार नाही.

हा अर्ज काल, दि. १६ रोजी, येथे संपला होता. सही करण्यासाठी पेन उचलला आणि हात थांबला. आपल्या कार्यालयाला मी तीन वेळा लिहिले, नोटरीला सांगितले, दवाखान्यात अर्धेमुर्धे सांगितले. नानाजींना सांगितले नव्हते. आधी आपला कागद येऊ दे, मग त्यांच्या हाती कागदच ठेवू, अशी माझी समजूत होती. खरे असे की मी भ्यालो होतो. म्हणून पुढील परिच्छेद आज जोडत आहे.

१५. आज दि. १७ रोजी सकाळी दुसऱ्या खांबापाशी नानाजींना इतका खोकला आला की ते खाली बसले. रुमालावर लाल ठिपका होता. त्यांनी रुमाल घडी करून खिशात घातला. मी पाहिले, हे त्यांनीही पाहिले. त्यांना घरी आणले आणि ओसरीवर बसून मी सर्व सांगितले. वही, नळ्या, मॅडमचे कौतुक, सगळे. काहीही गाळले नाही.

तानाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्यासमोरचा चहाचा कप उचलून आत नेला आणि आतूनच म्हणाल्या, "अडीच महिने झाले, रोज माह्या हातचा चा पेऊन राह्यले तुमी. कोन्या तोंडानं पेत होते जी?"

नानाजींनी देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्यावरून तो मढवलेला कागद काढून आणला. मग म्हणाले, "म्हंजे हे चांगलं रगत तुमचं हाय?" मी होय म्हणालो. "वहिनीले सांगतलं का? स्कॅन साफ निंघाला तरी तिचा जीव टांगनीले लागला असन." महोदय, मी त्यांच्यापुढे अपराधी म्हणून बसलो होतो आणि तो माणूस माझ्या बायकोची चिंता करत होता. मला रडू आले, आणि आमच्या विकारात रडता येत नाही, लगेच धाप लागते. नानाजींनी आपला पंप माझ्यापुढे केला.

मी धाप लागलेल्या अवस्थेतच त्यांना सांगितले की कार्यालय ऐकत नाही, वहीत जे आहे तेच खरे मानतात. त्यावर ते जे बोलले ते जसेच्या तसे देतो, कारण तेहतीस वर्षांत मला कोणत्याही वरिष्ठाने इतके स्पष्ट आदेश दिलेले नाहीत : "मंग मारा न रेघ, बाबूजी. रेघ मारल्यानं वहीतून काई रगत नाई निंघत."

१६. शिबिराच्या नोंदवहीची दुय्यम प्रत माझ्याकडे आहे. दुय्यम प्रत ठेवणे ही सवय. आज दुपारी तीत क्रमांक २ समोरील व क्रमांक ४१ समोरील नावे मी रेघ मारून खोडली, वर खरी नावे लिहिली आणि प्रत्येक खाडाखोडीपाशी पूर्ण सही केली. पट्टी वापरली नाही, दुसरी रेघ थोडी वाकडी गेली आहे. मूळ वही आपल्या ताब्यात आहे. ती सोमवारी टेबलावर काढून ठेवावी, म्हणजे तीतही रेघा मारता येतील.

१७. सोमवार, दि. २१ एप्रिल रोजी सकाळी दहा वाजता आम्ही दोघे आपल्या कार्यालयात हजर होत आहोत. तानाबाई सोबत येणार आहेत आणि त्या माझ्याइतक्या संयमाने बोलतील याची हमी मी देऊ शकत नाही. दुपारी बारापर्यंत स्कॅनचे पत्र मिळाले नाही, तर मी नानाजींना यवतमाळमध्ये जेथे मशीन सापडेल तेथे त्याच दिवशी नेणार आहे. अहवाल काहीही येवो, त्याची एक प्रत आपल्याला मिळेल, ४१ क्रमांकापुढे लावण्यासाठी. चौथा अर्ज मात्र मी करणार नाही.

आजवर आपला नम्र, आता अधीर,

(सही)
नीळकंठ माधव पत्तरकिने
पांढरकवडा, दि. १७ एप्रिल २०२५

सोबत जोडले आहे :
१) संदर्भीय पत्रव्यवहार, एकूण पाच कागद.
२) अर्जदाराच्या रक्तगटाचा अहवाल व सेवापुस्तकाच्या पहिल्या पानाची छायाप्रत.
३) शिबिर नोंदवहीच्या दुय्यम प्रतीची दोन पाने, खाडाखोडीसह.
४) 'सर्व मूल्ये मर्यादेत' असा अहवाल, प्लॅस्टिकमध्ये मढवलेला. खिळ्यावरून नानाजींनी स्वतः काढून दिला.
५) श्री. नानाजी लटारी आस्वले, मूळ प्रत. सोमवारी समक्ष सादर करण्यात येईल. यांची दुय्यम प्रत अर्जदाराकडे नाही.